उतारावर ब्रेक गेला: सोलापुरातल्या एका घरगुती इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या वायरिंगचा प्रकरण अभ्यास

जुळे सोलापुरातल्या दोन अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी घरी बनवलेला हा बोर्ड. रात्री पूर्ण चार्ज केला, सकाळी साडेसहाला रस्ता मोकळा असताना रेल्वेपुलाच्या चढावरून वर नेला आणि पलीकडे उतरायला सुरुवात केली. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असताना रिमोटवरून ब्रेक दाबला. सेकंद-दीड सेकंद ब्रेक लागला आणि एकदम सुटला. त्यानंतर बोर्ड मोकळाच धावला. चालवणाऱ्याने कडेच्या मातीत उडी घेतली, हेल्मेट होते म्हणून कोपर खरचटण्यावर निभावले. बोर्ड पुन्हा चालू झाला नाही. कंट्रोलरवरचा (बॅटरीचा करंट मोटरला वाटून देणाऱ्या सर्किटवरचा) लाल दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत होता, चाक मात्र हलेना.

कारण एका ओळीत सांगता येते: बॅटरी आणि कंट्रोलर यांच्या मध्ये बीएमएस (सेल जास्त भरू किंवा फार रिकामे होऊ न देणारे संरक्षक सर्किट) बसवला होता आणि त्याने ब्रेकचा करंट अडवला. पण बोर्ड उघडल्यावर आणखी चार-पाच गोष्टी दिसल्या, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच सवयीतून आलेल्या होत्या. घरगुती वायरिंग येणारा माणूस बॅटरीचे वायरिंगही त्याच हाताने करतो. घरात आधी मेन बंद करतात आणि मग हात घालतात. बॅटरीला मेन नसतो. तिचा सप्लाय सेल जोडल्या क्षणापासून चालू असतो आणि तिच्या मागे महावितरणचा फ्यूजही नसतो.

बोर्डमध्ये काय होते

पॅक १०एस४पी: १८६५० आकाराचे ४० सेल, चार-चार समांतर, असे दहा गट ओळीने. सेल २५०० एमएएचचे, प्रत्येकी २० अँपिअर सतत देऊ शकणारे. म्हणजे पॅक ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, ३६० वॉट-तास, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. मोटर ६३७४ आकाराची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी मोटर), १९० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला मिनिटाला १९० फेरे), १४ चुंबकांची. मोटरवर १५ दात्यांची आणि चाकावर ४० दात्यांची पुली, ९० मिमी चाक. कंट्रोलर स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांच्या खुल्या आराखड्यावरचा व्हेस्क, चौथ्या पिढीचा. बीएमएस ३० अँपिअरचा, चार्ज आणि डिस्चार्ज एकाच टोकातून करणारा. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा.

सुट्या भागांची निवड चुकलेली नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. ओळखीच्यांपैकी कोणीतरी "दहाऐवजी बारा गट कर, पळेल" असा सल्ला दिला होता आणि तो मुलांनी ऐकला नाही, ते बरे झाले. १९० केव्हीची मोटर बारा गटांच्या ५०.४ व्होल्टवर मिनिटाला ९,५७६ फेरे मारते. चुंबकांच्या सात जोड्यांनी गुणले की ६७,००० ईआरपीएम (मोटरचे मिनिटाचे विद्युत फेरे) होतात, आणि या पिढीच्या कंट्रोलरची मर्यादा ६०,००० आहे. दहा गटांवर हाच आकडा ५५,८६० येतो.

मोटर जळाली नव्हती

सोलापुरात यंत्रमागाच्या मोटरी रिवाइंड करणारे कारागीर पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे बोर्ड पहिल्यांदा तिथेच गेला. हे वावगे नव्हते. तीन वायरींची मोटर काय असते हे या मिस्त्रींना कोणी शिकवायला नको. त्यांनी मोटर कंट्रोलरपासून सोडवली, तिन्ही फेज सुटे ठेवून हाताने फिरवली तर ती सहज फिरली. मग तिन्ही टोके एकत्र पिळून फिरवली तर सगळ्या फेऱ्यात सारखीच जड लागली. वाइंडिंग शॉर्ट असते तर सुटी असतानाही जड लागली असती, एक फेज तुटला असता तर जडपणा तुटक आला असता. वायर आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर काही दाखवत नव्हता. "मोटारीला काय झालं नाही मालक, वरचं कायतरी गेलंय," हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता.

इथे एक सावधगिरी. मागाच्या मोटरीला लावतात तसा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे मीटर) या मोटरीला लावू नये. आत चुंबकांची जागा ओळखणारे हॉल सेन्सर असतात, ते ५ व्होल्टवर चालतात. आणि मोटर कंट्रोलरला जोडलेली असताना तर मेगर अजिबातच नको.

ब्रेक का सुटला

इलेक्ट्रिक बोर्डाचा ब्रेक म्हणजे मोटरचा जनरेटर करणे. त्या वेळी करंट उलटा, कंट्रोलरकडून बॅटरीकडे वाहतो. या बोर्डात तो १६ अँपिअरवर ठेवला होता. सेलची जलद चार्जिंगची मर्यादा ४ अँपिअर, चार समांतर, म्हणून १६. हिशोब कागदावर चोख होता.

पण सातव्या गटातल्या एका सेलवरची निकेलची पट्टी सुटली होती. वेल्ड दिसायला जागेवर होता, पक्कडीने हलकेच ओढताच निघाला. म्हणजे तो गट प्रत्यक्षात तीनच सेलचा होता. बाकी गटांत प्रत्येक सेलला ४ अँपिअर मिळत होते तेव्हा या गटातल्या तिघांना ५.३. सेलचा अंतर्गत रोध साधारण २२ मिलिओहम धरला तर बाकी सेलचे व्होल्टेज ब्रेकच्या वेळी ०.०९ ने वाढते आणि या तिघांचे ०.१२ ने. चढ चढून झाल्यावर सेल ४.१५ व्होल्टवर असतील असे धरा. बाकी गट ४.२४ वर जातात, सातवा ४.२७ वर. बीएमएसची ओव्हरचार्जची मर्यादा ४.२५. त्याला निर्णय घ्यायला सेकंदभर लागतो, म्हणूनच ब्रेक आधी लागला आणि मग सुटला. बीएमएसने आपले काम चोख केले. त्याच्या दृष्टीने कोणीतरी भरलेला पॅक आणखी चार्ज करत होते आणि त्याने चार्जिंग तोडले.

एवढ्याशा उतारावर बॅटरी खरोखर ओव्हरचार्ज होते का? नाही. माणूस आणि बोर्ड मिळून ७३ किलो, उतार ७ मीटर धरला तर सगळी ऊर्जा जेमतेम ५,००० ज्यूल, म्हणजे १.४ वॉट-तास. घर्षण आणि वारा वजा जाता निम्मी परत आली तरी ३६० वॉट-तासांच्या पॅकमध्ये ०.२ टक्का. धोका साठलेल्या ऊर्जेचा नव्हता. करंट वाहत असताना क्षणभर चढणाऱ्या व्होल्टेजला बीएमएस फसला.

आता कंट्रोलरचे काय झाले ते. बीएमएसने वाट बंद केली त्या क्षणीही मोटर ४२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे ६७० वॉट परत ढकलत होती. जायला जागा एकच, कंट्रोलरवरचे कपॅसिटर. ६८० मायक्रोफॅरडचे तीन, एकूण २,०४० मायक्रोफॅरड. ते ४२ वरून ६० व्होल्टवर न्यायला १.९ ज्यूल पुरतात आणि ६७० वॉटला त्यासाठी तीन मिलिसेकंद लागतात. २० किमी वेगाच्या बोर्डात ऊर्जा होती ११०० ज्यूलच्या पुढे. कंट्रोलरचा आतला प्रोग्रॅम, फर्मवेअर, ५७ व्होल्टला मोटर सोडून देते, पण मोसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवणाऱ्या चिपची मर्यादा ६० आहे आणि मधला तीन व्होल्टचा पट्टा अर्ध्या मिलिसेकंदात संपतो. या कंट्रोलरची ती चिपच गेली होती. लुकलुकणारा लाल दिवा तेच सांगत होता.

दुरुस्ती म्हणून फक्त नवा कंट्रोलर बसवला असता तर तोही पुढच्या उतारावर गेला असता.

बाकी जे सापडले

मुख्य स्विच म्हणून बोर्डाच्या वरच्या बाजूला घरात असतो तसा ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला होता. यावर सहसा एकच आक्षेप घेतला जातो, की एसीचा एमसीबी डीसीवर चालत नाही. गोष्ट थोडी वेगळी आहे. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि संपर्कातली ठिणगी तिथेच विझते, डीसीत ही सोय नाही. तरी काही एमसीबींवर डीसी व्होल्टेज छापलेले असते आणि तेवढ्यापुरते ते चालतात. इथला खरा त्रास दोन ठिकाणी होता. कंट्रोलरचे रिकामे कपॅसिटर जोडल्या क्षणी प्रचंड करंट ओढतात आणि दर वेळी संपर्काचा एक थर जाळतात. उघडून पाहिला तेव्हा संपर्क काळे पडून खडबडीत झाले होते. दुसरे म्हणजे त्याची दांडी पायाजवळ होती. चालताना बूट लागून ती पडली तर हाच अपघात बीएमएसशिवायही घडतो.

पॅक पुढे आणि कंट्रोलर मागे, मध्ये सुमारे ४० सेमी अंतर. तिथे अडीच स्क्वेअरची (चौरस मिमीची) घरगुती पीव्हीसी वायर पिळून जोडली होती, वर काळी चिकटपट्टी. ४० सेमी जाऊन-येऊन ८० सेमीत ३० अँपिअरला ०.१७ व्होल्ट पडतात, त्याचे काही नाही. नुकसान पिळलेल्या सांध्यात आहे. असा सांधा हादऱ्यांनी सैल होऊन २० मिलिओहमवर गेला की ३० अँपिअरला १८ वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत साचते. छोट्या सोल्डरिंग गनची कमी-जास्त तेवढीच असते. चिकटपट्टीचा डिंक वितळून खाली ओघळलेला होता, त्यावरून हे आधीपासून चालले असावे. शिवाय घरगुती वायरीत तारा थोड्या आणि जाड असतात. ती भिंतीत निश्चल पडून राहायला बनवलेली असते. लाकडी डेक, म्हणजे उभे राहायची फळी, प्रत्येक खड्ड्यात लवतो, आणि वायर तिथेच तुटते.

सातव्या गटाची पट्टी सुटायचे कारणही हेच लवणे. सगळे दहा गट एका ओळीत निकेलच्या पट्ट्यांनी ताठ जोडले होते. पट्टी लवत नाही, म्हणून वेल्ड सुटतो.

पट्टीचा एक तुकडा कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला, सकाळी गंज आला. म्हणजे ती शुद्ध निकेलची नव्हती, वर निकेलचा मुलामा दिलेले पोलाद होते. चुंबक लावून हे कळत नाही, चुंबकाला दोन्ही चिकटतात.

बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक गटाचे व्होल्टेज बीएमएसला कळवणाऱ्या, बारीक वायरी डेकच्या स्क्रूंजवळून, हॉट ग्लूने चिकटवून नेल्या होत्या. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो त्या गावात, काळ्या बंद डब्यात, हॉट ग्लू मऊ पडतो. निम्म्या वायरी लोंबकळत होत्या, एकीचे आवरण स्क्रूला घासून पांढरे पडले होते. या वायरींवर फ्यूज नव्हता. पहिली आणि शेवटची एकमेकींना टेकली तर ४२ व्होल्टचा शॉर्ट होतो आणि वायर तापून लाल होते.

पुन्हा वायरिंग: आधी पॅक

कामाला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की हवी. नियॉनचा टेस्टर या पॅकवर पेटत नाही. त्याला लागणारे व्होल्टेज ४२ पेक्षा जास्त असते आणि पॅकचा जमिनीशी संबंधही नसतो. टेस्टर पेटला नाही म्हणून सप्लाय नाही, असे समजून पान्याने दोन टोके जोडणारा माणूस आपला पाना वितळलेला पाहतो. दहा गटांचा मिळून रोध ५५ मिलिओहमच्या आसपास येतो, म्हणजे थेट शॉर्टमध्ये सातशे-साडेसातशे अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. तपासायला मल्टिमीटरच. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवायचे. पान्यांच्या दांड्यांना हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवायची. वायर कापताना एका वेळी एकच, कारण कटरची पाती दोन्ही वायरी एकदम कापताना त्यांना शॉर्ट करतात. काम ओट्यावर किंवा गच्चीत, शेजारी वाळूची बादली. गादीवर बसून नको.

पॅक पाच-पाच गटांच्या दोन तुकड्यांत विभागला आणि मधला जोड लवचिक सिलिकॉन वायरीने केला, वायरीला थोडे झोल ठेवून. पट्टी नवी, शुद्ध निकेलची, ०.२ मिमी जाड. ३० अँपिअर चार सेलांत वाटले की एका जोडाला ७.५ अँपिअर येतात, तेवढ्याला ८ मिमी रुंद पट्टी चालते. सुटलेल्या पट्टीला थेट सेलवर डाग देण्याचा मोह होतो, तो टाळायचा. सेलच्या तळाला सोल्डरिंगची उष्णता लागली की आतला पडदा बिघडतो. ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांकडे स्पॉट वेल्डर असतो, त्यांच्याकडून वेल्ड करून घ्यावे आणि एक नमुना वेल्ड पक्कडीने उचकटून पाहावा. पट्टी फाटून तिचे ठिपके सेलवर राहिले तर वेल्ड चांगला, साफ निघाली तर कच्चा.

प्रत्येक सेलच्या पॉझिटिव्ह टोकावर कागदी रिंग हवीच. १८६५० च्या वरच्या कडेचा पत्रा निगेटिव्ह असतो आणि पॉझिटिव्ह बटण त्यापासून मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर. मधे फक्त पातळ प्लास्टिकचे वेष्टण. त्यावरून पट्टी गेली आणि वेष्टण घासले की गट आतल्या आत शॉर्ट.

चौथा सेल जोडण्याआधी तो बाकी तिघांच्या व्होल्टेजवर आणला, फरक ०.०५ च्या आत. मग गट बाकी नऊ गटांच्या बरोबरीला आणला. हे काम बीएमएसवर सोडू नये. साध्या बीएमएसचा बॅलन्स करंट ५० मिलिअँपिअरच्या घरात असतो. गटांत अर्ध्या अँपिअर-तासाचा फरक असेल तर त्याला चार्जर लावून दहा तास बसावे लागेल.

बीएमएस कुठे आणि कसा

नव्या जोडणीत बीएमएस फक्त चार्जिंगच्या वाटेत आहे. पॅकच्या निगेटिव्हवरून जाड वायर बीएमएसच्या बी-मायनसला. पी-मायनस टोकावरून वायर फक्त चार्जिंग सॉकेटच्या निगेटिव्हला. पॅकच्या पॉझिटिव्हवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून सॉकेटच्या पॉझिटिव्हला. कंट्रोलरची निगेटिव्ह मात्र थेट पॅकवर, बीएमएसला वळसा घालून.

बॅलन्सच्या वायरी अकरा. प्लग बीएमएसमध्ये घालण्याआधी तो हातात धरून काळी प्रोब पहिल्या टोकावर ठेवायची आणि लाल प्रोब एकेका टोकावर सरकवायची: ४, ८, १२ असे जवळजवळ चारच्या पाढ्यात ४० पर्यंत आले पाहिजे. एखादा आकडा मागे आला किंवा आठची उडी दिसली की दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. तसाच प्लग घातला तर बीएमएस धूर सोडतो, आणि बरेचदा धूर न सोडता नुसता एका गटाला हळूहळू रिकामा करत राहतो, ते जास्त वाईट. आधी बी-मायनस जोडायची, मग प्लग घालायचा. वायरींवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पट्टी) आणि बसवायला न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांबे खाते.

या पद्धतीची किंमतही सांगायला हवी. आता डिस्चार्जच्या बाजूला बीएमएसचे संरक्षण नाही. पॅक फार खाली जाऊ नये हे कंट्रोलरने पाहायचे, आणि त्याला फक्त एकूण व्होल्टेज दिसते. नऊ गट ३.३ वर असताना एक २.३ ला गेला तरी बेरीज ३२ येते आणि कंट्रोलर फार तर ताकद कमी करतो, बंद करत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मल्टिमीटरने दहाही गट मोजणे, किंवा ब्लूटूथवर गटांचे व्होल्टेज दाखवणारा बीएमएस. दोन्हींपैकी एक हवे. तरीही ब्रेकचा भरवसा आणि बॅटरीचे आयुष्य यांत निवड करायची तर ब्रेक आधी, यात आम्हाला शंका वाटत नाही.

मुख्य वाट

पॅक पॉझिटिव्ह, फ्यूज, लूप-की, कंट्रोलर. मधे दुसरे काही नाही.

फ्यूज ६० अँपिअरचा घेतला. बॅटरीचा करंट कंट्रोलरमध्ये ३० वर बांधला असताना एवढा मोठा का? कारण चालताना फ्यूज उडाला तरी ब्रेक जातो. हा फ्यूज फक्त शॉर्टसाठी, जास्तीच्या भारासाठी नाही. आणि इथे बाजारात हमखास फसगत होते. गाडीच्या साध्या ब्लेड फ्यूजवर ३२ व्होल्ट छापलेले असतात. ४२ व्होल्टच्या पॅकवर तो उडाला तरी आतली ठिणगी चालू राहू शकते. ५८ व्होल्टचा फ्यूज मागून घ्यावा लागतो.

एमसीबीच्या जागी एक्सटी९०-एस जातीचा कनेक्टर, हिरव्या कडीचा. त्याच्या एका पिनेत ५.६ ओहमच्या आसपासचा रोध असतो. घालताना आधी तो टेकतो, करंट ७.५ अँपिअरवर अडतो, कपॅसिटर भरतात आणि मग पिन पूर्ण बसते. ठिणगी नाही. पॉझिटिव्ह वायर मधे तोडून दोन टोके या कनेक्टरला, आणि समोरच्या भागात दोन्ही पिना जोडणारा छोटा वायरीचा फास. हीच लूप-की. फास काढला की बोर्ड खरोखर बंद. घालताना शेवटपर्यंत दाबायचा, अर्धवट राहिला तर सगळा करंट त्या रोधातून जाऊन तो जळतो.

वायर १० गेजची सिलिकॉन, म्हणजे ५.२६ चौरस मिमी. गेज सांगून वायर मागण्यात सोलापुरात एक अडचण आहे. रिवाइंडिंगच्या दुकानातले गेज ब्रिटिश मापाचे असते आणि सिलिकॉन वायरीवरचे अमेरिकन. १२ गेज म्हटले तर एकात ५.५ चौरस मिमी, दुसऱ्यात ३.३. चौरस मिमीमध्येच मागावे. एवढ्या वायरीला डाग द्यायला २५ वॉटची गन पुरत नाही, ८० ते १०० वॉटची लागते. कमी वॉटची गन लावून बसले की कनेक्टरचे प्लास्टिक मऊ होते पण सोल्डर आत झिरपत नाही, वरून चमकदार आणि आतून कोरडा सांधा तयार होतो. डाग देताना जोडीचा कनेक्टर त्यात घालून ठेवला की पिना तिरक्या होत नाहीत, मात्र त्या जोडीच्या कनेक्टरला वायर नसावी. पॅकच्या बाजूला नेहमी मादी कनेक्टर, म्हणजे जिवंत पिना उघड्या राहत नाहीत.

कंट्रोलर शक्य तितका पॅकजवळ सरकवला आणि मोटरकडच्या तीन वायरी लांब केल्या. लांबी वाढवायचीच असेल तर ती फेजच्या बाजूला वाढवावी. बॅटरीच्या बाजूला वाढवली की वायरीच्या इंडक्टन्सचा सगळा भार कपॅसिटरवर येतो आणि ते तापून फुगतात.

फेजच्या जोडांना ५.५ मिमीचे बुलेट कनेक्टर. यांतला एक सैल झाला तर मोटर जागेवर गुरगुरते, थरथरते, फिरत नाही. मागाच्या मोटरीचा एक फेज गेल्यावर होते तसेच, मिस्त्री लोक आवाजावरून ओळखतात. फेजच्या दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा उलटते हेही खरे. पण हॉल सेन्सर असतील तर अदलाबदलीनंतर मोटर ओळखण्याची प्रक्रिया कंट्रोलरच्या ॲपमध्ये पुन्हा चालवावी लागते. नाहीतर सेन्सर एक सांगतात आणि करंट दुसरीकडे जातो. सेन्सरच्या वायरी फेजपासून दूर, वेगळ्या बांधून न्यायच्या. चेपून फेजला टेकली तर ५ व्होल्टच्या लाइनवर ४२ येतात.

रिसीव्हरला तीनच वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. अँटेना ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबू नये.

कंट्रोलरमधले आकडे

मोटर करंट ५० अँपिअर, मोटर ब्रेक ४०, बॅटरी करंट ३०, बॅटरीकडे परतीचा करंट ८. हे चार आकडे वेगवेगळे का, यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कंट्रोलर व्होल्टेज कमी करतो तेव्हा करंट त्याच प्रमाणात वाढतो. सुटताना ड्यूटी (बॅटरीच्या व्होल्टेजपैकी मोटरला मिळणारा हिस्सा) २० टक्के असेल तर मोटरमध्ये ५० अँपिअर असतात आणि बॅटरीतून १० च येतात. त्यामुळे चढावर मोटरच्या वायरी तापतात, बॅटरीच्या नाही.

परतीचा करंट १६ वरून ८ वर आणला. एक सेल पुन्हा सुटला तरी उरलेल्या तिघांवर २.७ अँपिअर येतात. ब्रेक त्यामुळे वेगात असताना थोडा मऊ लागतो, हळू असताना फरक जाणवत नाही.

व्होल्टेज कटऑफ ३४ ला सुरू, ३१ ला पूर्ण. दोन्हींत अंतर ठेवले की ताकद हळूहळू कमी होते, बोर्ड एकदम बंद पडत नाही. ईआरपीएम ३१,००० वर बांधले. या पुली आणि चाकाला ते ताशी २८ किलोमीटर होतात.

पहिल्यांदा चालू करताना

घरगुती वायरिंगची एक सवय मात्र इथे जशीच्या तशी उपयोगी पडते, सिरीज लॅम्पची. मोटारसायकलच्या इंडिकेटरचे १२ व्होल्टचे चार बल्ब ओळीने जोडले आणि लूप-कीच्या जागी लावले. बल्ब क्षणभर चमकून विझले आणि कंट्रोलरचा दिवा लागला तर ठीक, कपॅसिटर भरले. पेटलेलेच राहिले तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो बल्बने झेलला.

मग चाके अधांतरी ठेवून मोटर ओळख, रिमोटची मधली स्थिती बसवणे, आणि सगळ्यात महत्त्वाचे, मोटर फिरत असताना रिमोट बंद करून पाहणे. मोटर आपोआप मोकळी होऊन थांबली पाहिजे. ती शेवटच्या वेगाने फिरत राहिली तर रिसीव्हरचे फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचे ती सेटिंग) चुकीचे आहे. ते नीट होईपर्यंत बोर्डावर पाय ठेवायचा नाही.

त्यानंतर सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे, आणि थांबल्या थांबल्या प्रत्येक सांध्याला बोट लावून पाहणे. बाकीपेक्षा एक सांधा गरम लागला तर तो पुन्हा डागायचा किंवा आवळायचा. या बोर्डात फ्यूजच्या होल्डरचा स्क्रू असा सापडला.

उन्हाळा आणि देखभाल

अशा सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बोर्डाचा डबा याच्या कितीतरी वर जातो, म्हणून चालवून आल्यावर लगेच चार्जर लावायचा नाही. सावलीत ठेवून डबा हाताला गार लागला की मगच, शक्यतो पहाटे, माणूस जागा असताना. ४ अँपिअरच्या चार्जरला रिकाम्या पॅकसाठी तीन तासांच्या आसपास लागतात. घराजवळच उतार असेल तर ४१ व्होल्टला चार्जर काढावा.

पूर्व भागातून नेहमी जाणाऱ्या बोर्डाच्या मोटरीत कापसाचा तंतू शिरतो. उघड्या तोंडाच्या मोटरीत तो बेअरिंगच्या तेलाला धरून बसतो. महिन्याला एकदा ब्लोअरने उडवावा, पट्टा काढून.

जुने चार्जिंग सॉकेट गोल पिनेचे होते, किल्ली लागली तरी शॉर्ट होईल असे. त्या जागी झाकण असलेले, स्क्रूने आवळायचे सॉकेट बसवले.

सातव्या गटातला चौथा सेल बराच काळ कामाविना लोंबकळत होता, म्हणजे त्याचे आणि त्याच्या तिघा जोडीदारांचे वय आता सारखे नाही. चार्जिंगनंतर रात्रभर पॅक पडू द्यायचा आणि सकाळी दहाही गट मोजायचे. सातवा बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे पडला तर पॅक पुन्हा उघडून तो पूर्ण गट, चारही सेल, बदलायचा.